गोष्टीचं शेपूट माझं नाही

१७ जुलै, गुरुवार

आजपासून मी रोजचं लिहून ठेवणार आहे. ज्याला हसायचं त्यानं आत्ताच हसून घ्यावं. अक्षरांशी माझं कधी जमलं नाही, जन्मभर अंगठ्यावर भागवलं. पण नातीनं, वर्षाराणीनं, तिचा जुना फोन मला दिलाय. त्यावर एक गोल आहे, तो दाबायचा आणि बोलत राहायचं, फोन लिहून घेतो. तारीख तो आपल्या मनानं घालतो. मी ‘हाय’ म्हणाले की तो ‘आहे’ लिहितो, असं वर्षा सांगते. सासूला जन्मात जमलं नाही ते फोननं पहिल्याच दिवशी केलं, मला वळण लावलं. मधेच कंटाळतो आणि माझं बोलणं आहे तसं राहू देतो. त्याची लहर.

मी महानंदा. परळीत, वैजनाथाच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं दुकान आहे. बेल, भस्म, कापूर, रुद्राक्ष, वाती. दुकान मुलाचं, श्रीशैलचं. वाती माझ्या. दुपारी गिऱ्हाईक थंडावलं की गल्लीतल्या बाया कापूस घेऊन ओट्यावर बसतात, बोटाला भस्म लावून वाती वळतात आणि मी गोष्ट सांगते. गोष्टीची लांबी कापसावर असते. कापूस जास्त असला की गोष्टीत आणखी एक राजा मरतो. आणि समोर जो बसला असेल त्याचं नाव गोष्टीत घालायचं, ही माझ्या आईची रीत. नाव घातलं की माणूस उठून जात नाही, आपलं पुढं काय होतं ते बघायला थांबतो.

या गोष्टींवर वर्षा पीएच.डी. करते. कॉलेजात ती तासावर शिकवते, म्हणजे सुट्टी लागली की मास्तरीण घरी आणि पगारबी घरी. डॉक्टरकी मिळाली तर कायमची होईल. तिनं आमच्या सगळ्यांच्या गोष्टी फोनवर बोलून घेतल्या. त्या कागदावर उतरवायला जन्म गेला असता, म्हणून तिनं हे नवीन एआय निघालंय ना, त्याच्यापुढं टाकल्या. त्यानं उतरवल्या, वाक्यं सरळ केली, कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीची बहीण लागते तेही लावून दिलं. परवा तिचा मोठा ग्रंथ विद्यापीठात गेला.

जायच्या आधी तिला एक काळजी होती. मशीनची मदत घेतली हे ग्रंथात लिहावं का? तिच्या मार्गदर्शक वनमाला मॅडम म्हणाल्या होत्या, गरज नाही. मी म्हणाले, सणाला शेजारून ताट आलं की आपण वाढताना सांगतो ना, ही भाजी कडूबाईच्या घरची म्हणून. न सांगता वाढली तर खाणारा उगी मला शाबासकी देतो, आणि खारट निघाली तर शिव्याबी मलाच. तिनं माझं ऐकलं. कुठलं मशीन, कुठल्या महिन्यात, कशासाठी, सगळं एका पानावर लिहून टाकलं.

तिनं माझी झोपेची गोष्ट मला वाचून दाखवली. इतकी सफाईदार की मी विचारलं, ही कुण्या शहाण्या बाईची? म्हणाली, तुझीच. मशीननं न्हाऊमाखू घातल्यावर ओळखूच आली नाही मला. अर्ध्यात बेलाचं गिऱ्हाईक आलं आणि मी उठले. परत येऊन म्हणाले, पुढं वाच. तर तिनं मिटून ठेवलं. पुढचं तुला माहीतच आहे, म्हणाली.

२९ जुलै, मंगळवार

काल श्रावणातला पहिला सोमवार. बोलायला फुरसत नव्हती. रांग आमच्या दुकानावरून खाली पार वळणापर्यंत गेलती. बेल विकून विकून हात हिरवे.

त्या गर्दीत अमरसिंह आला. पुढाऱ्याचा पोरगा, पण नमस्कार करायला विसरत नाही. तोही वनमाला मॅडमच्याच हाताखाली शिकला. त्याची डॉक्टरकी मागच्या महिन्यात झाली, चौकात त्याचं बॅनर आहे, काळा डगला घातलेलं. मी विचारलं, बाबा, तुझ्याबी गोष्टी होत्या म्हणं, कुणाकडून गोळा केल्यास? म्हणाला, “गोळा कशाला करायच्या, आजी? मागितल्या की मिळतात.” दिवाळीच्या सुट्टीत घरी बसून सगळं झालं म्हणाला. काहींचं नशीब असतं, लोक घरी येऊन सांगतात. आमच्या वर्षानं ऊनपावसात बायांच्या मागं हिंडून दोन चपला झिजवल्या.

संध्याकाळी वर्षा घरी आली ती तोंड उतरवून. ग्रंथ अडकला. समितीनं ते पान वाचलं, मशीनचं, आणि म्हणाले, थांबा. मदत घेतली असं ही स्वतःच सांगते, तर मग कितीची घेतली? आणि या गोष्टी कुठल्याच छापील पुस्तकात सापडत नाहीत, भाषा एकसारखी गुळगुळीत आहे, तेव्हा मशीननंच रचल्या नसतील कशावरून?

मी म्हणाले, अमरसिंहाला विचार, त्याचं कसं झालं. त्याच्या पानावर काय लिवलं होतं?

“त्याच्यात पान नव्हतं, आजी.”

मग नवीन घाल म्हणावं, विसरला असंल, असं मी म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसली. मला ते हसू आवडलं नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

समितीला पुरावा पाहिजे. गोष्टी सांगणाऱ्या बाया खऱ्या आहेत याचा. मी आरशात बघून आले. आहे.

वर्षानं आमचे आवाज फोनवर घेतले होते, पण फोन भरला तशी एकेक गोष्ट कागदावर आली की ती तो आवाज पुसत गेली. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, बाई, वात पेटवली म्हणून कापूस फेकत नसतात. आता एकच तुकडा उरलाय, उंटिणीच्या गोष्टीचा. मागून गाडीचा भोंगा वाजतो, एक बाई बेलाचा भाव विचारते आणि मी उंटिणीला तिथंच सोडून भाव सांगते.

तो तुकडा तिनं नेऊन ऐकवला. समितीचे मोठे बद्रीनाथ सर म्हणाले, आवाज काय, हल्ली आवाजही बनवता येतात.

मी वर्षाला विचारलं, ती भाव विचारणारी बाईबी बनवलेली का? आणि बनवायचीच होती तर मशीननं तिला घासाघीस कावून करू दिली?

वर्षा म्हणाली, “आजी, तू चेष्टा करू नको गं.” चेष्टा नव्हती. मला खरंच कळत नव्हतं की असं कुणी म्हणालं तर पुढं काय बोलायचं असतं. बाई म्हणते मी बोलले, समोरचा म्हणतो तू बोललीच नाहीस. यात तिसरं कुणी येतं कुठून?

श्रीशैल रात्री जेवताना म्हणाला, झालं तेवढं शिकणं पुरे. मी त्याच्या पानात मिरचीचा ठेचा वाढला, जरा जास्त.

९ ऑगस्ट, शनिवार

कडूबाईनं आज राखीला आलेल्या भावाला सांगितलं की तिचं नाव पुस्तकात छापलंय. कालव्याची गोष्ट तिची आहे, वर्षानं तिच्या नावानं घातलीय. गल्लीत एकही घर राहिलं नाही जिथं तिनं हे सांगितलं नाही. तिलाही वाचता येत नाही. मला म्हणाली, तुजं नाव कितव्या पानावर हाय? मी म्हणाले, तुज्या मागंच हाय, नेहमीसारखं.

अडकल्याचं मी तिला सांगितलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज विद्यापीठ बघून आले. बद्रीनाथ सर म्हणाले होते, बाई खरी असेल तर समोर आणा. वर्षा भीत होती. मी नवं लुगडं नेसले, कपाळाला भस्म लावलं, गळ्यातलं लिंग नीट केलं आणि एसटीत खिडकीशी बसले. एवढ्या लांब आयुष्यात पहिल्यांदा मी गोष्ट सांगायला जात होते. नाहीतर लोक येतात.

मोठी खोली, थंड हवेचं मशीन चालू. मधे बद्रीनाथ सर, बाजूला दोघं, कोपऱ्यात वनमाला मॅडम हात घट्ट धरून बसलेल्या. सर चांगले आहेत. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, झोपेची गोष्ट सांगा. मी विचारलं, साहेब गाव कोणतं? म्हणाले चकलांबा, गेवराईकडचं. मी म्हणाले, म्हंजे शेतीवाडीचं घर.

गोष्ट अशी आहे. एक व्यापारी असतो. दुष्काळात तो मापटंभर ज्वारी देतो आणि बदल्यात लोकांची झोप घेतो. हळूहळू सगळ्या गावाची झोप त्याच्या पोत्यात जाते. माणसं रात्रंदिवस जागी, राबत राहतात. मग एका बाईला लेकरू होतं. त्याला झोपच नाही, कारण द्यायला घरात कुणाकडं झोप शिल्लक नाही. ती बाई व्यापाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसते आणि त्याला गोष्ट सांगते, इतकी लांब, इतकी लांब, की तो पेंगतो. मग ती पोतं फोडते.

वर्षाला सांगितली तेव्हा व्यापारी गंगाखेडचा होता, बाईचं नाव वर्षा होतं आणि तिनं पोतं विळ्यानं फाडलं. आज समोर बद्रीनाथ सर. मग व्यापारी चकलांब्याचा बद्रीनाथ झाला. त्याच्याकडं पोती कुठली? मागं काचेचं कपाट होतं, जाड जाड पुस्तकांचं, म्हणून सगळ्या पोराटोरांची झोप मी त्या कपाटात कोंडली. बाजूचे दोघं तोंडावर हात ठेवून हसले. सर पण हसले. मला जोर आला. मी त्यांना गोष्टीत असं पेंगवलं की खऱ्या सरांनी डोळे चोळले. बाईनं त्यांच्या कमरेच्या किल्ल्या काढून कपाट उघडलं.

सरांनी विचारलं, “आणि विळा? इथं तर विळा लिहिलाय.”

“इळा त्या दिवशी व्हता, साहेब. तुमच्याकडं इळा कुठाय? किल्ल्या हायत, म्हनून किल्ल्या घेतल्या.”

मग त्यांनी वर्षाच्या ग्रंथातली माझी गोष्ट मोठ्यानं वाचली. या वेळी कुणी गिऱ्हाईक आलं नाही, शेवटपर्यंत ऐकली. शेवटी तो व्यापारी जागा होतो, त्याला पश्चात्ताप होतो, तो रडतो आणि घरोघरी जाऊन सगळ्यांची झोप वाटून देतो, आणि गावाला कळतं की जे सगळ्यांचं आहे ते एकट्यानं साठवू नये.

सरांनी विचारलं, हे तुम्हीच सांगितलंत?

मी वर्षाकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती. मला वाटलं, हीच वेळ आहे. परकं काय ते आपणहून बाजूला काढून दाखवलं की उरलेलं आपलं आहे हे समोरच्याला पटतं. मी म्हणाले, “धड माजं हाय, साहेब. शेपूट माजं न्हाई. माज्या गोष्टीत कुणी सुदरत न्हाई. त्यो येपारी आजून झोपलेलाच हाय, आन् बाया त्याच्या अंगावर कापूस ठिवून वाती वळत्यात.”

खोलीत मोठा हशा झाला. सरांनी लगेच काहीतरी लिहून घेतलं. उठताना त्यांनी मला हात जोडले. एवढ्या मोठ्या माणसानं.

मला वाटतं काम झालं. येताना एसटीत वर्षा खिडकीबाहेर बघत होती. दमली असेल. मी तिला शेंगदाणे दिले, ते तिनं मुठीतच ठेवले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

काम झालं नाही.

सकाळी वर्षा फुलवाती वळायला माझ्याजवळ बसली. ती कधी बसत नाही. वात वळून झाली तरी बोटं तशीच फिरत होती. मग म्हणाली, “आजी, शेपूट माझं नाही असं म्हणायला नको होतं.”

“पन ते न्हाईच माजं.”

“माहितीये मला.”

मी तिच्याकडं बघितलं. तिला जानेवारीतच कळलं होतं. मशीननं सरळ करता करता गोष्टीला शेवटही लावून दिला. ती काढणार होती. पण वनमाला मॅडमना नेमका तोच शेवट आवडला, बघ आपल्या बायांची दृष्टी किती मोठी आहे म्हणाल्या, आणि त्यावर दोन पानं लिहायला लावली. मग काढायचं राहिलं. त्या पानावर तिनं एवढंच लिहिलं की मशीनकडून भाषा सरळ करून घेतली.

म्हणजे तिनं सांगितलं, पण मीठ तेवढं शेजारचं म्हणून. आख्खी फोडणी शेजारची होती.

मी रागावायला गेले आणि राग आलाच नाही. विचारलं, बाकीच्या गोष्टींना पण शेपटं हायत का? ती म्हणाली, “आता मलाच सांगता येत नाही, आजी. मूळ कुठाय बघायला?”

समितीनं काय लिहिलं ते तिनं सांगितलं. सांगणारी बाई हजर होती. तिची गोष्ट ग्रंथातल्या गोष्टीशी जुळली नाही. नावं वेगळी, वस्तू वेगळ्या, शेवट वेगळा, आणि शेवट आपला नाही असं बाईनं स्वतः सांगितलं. मी वर्षाला म्हणाले, पुन्हा ने मला, या बारीला इळाच सांगते, गंगाखेडचाच व्यापारी सांगते, तू पाठ करून घे माझ्याकडून. दुपारभर ती वाचत राहिली आणि मी मागं म्हणत राहिले. जमेना. माझ्याच गोष्टीत मी चुकत होते. बाईच्या हातात विळा दिला की ती विळा घेऊन भलतीकडंच जायची.

शेवटी वर्षानं कागद मिटले.

३० ऑगस्ट, शनिवार

काही नाही. दारातून पोस्टमन गेला. श्रीशैल आजकाल वर्षाशी हळू बोलतो, तेच मला जास्त लागतं. ओरडला असता तर मी त्याच्याशी भांडले असते, तेवढंच हाताला काम.

११ सप्टेंबर, गुरुवार

वनमाला मॅडम स्वतः दुकानात आल्या. पितृपक्षात गिऱ्हाईक कमी, तरी त्यांनी बेल घेतला, कापूर घेतला, नको असलेला रुद्राक्ष घेतला. तेव्हाच मी ओळखलं की बातमी वाईट आहे.

ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं. दोन वाटा आहेत. एक, समिती लिहून देते की विद्यार्थिनीनं फसवलं. मग वर्षाला हे दार बंद, आणि बहुतेक कॉलेजचंही. दुसरी वाट बद्रीनाथ सरांनीच काढलीय. वाईट माणूस नाही तो. त्यांचं म्हणणं, बाईच्या गोष्टी आणि मशीनच्या गोष्टी आता वेगळ्या काढता येत नाहीत, तर सगळ्याच मशीनच्या म्हणा. तसं पानोपानी नमूद करा. विषयाचं नाव बदला, मशीन लोककथा कशा रचतं असं करा. हल्ली त्याला फार मान आहे. मेहनत वाया जाणार नाही, वर्षही जाणार नाही.

मी म्हणाले, म्हंजे ज्यानं कापूस पिंजला त्याच्याच नावावर शेत?

मॅडम हसल्या नाहीत. मी विचारलं, तुम्ही तर आमच्या गल्लीत येऊन बसला होतात, कडूबाईच्या हातचा चहा पिऊन गेलात. तुम्ही का नाही सांगत की बाया खऱ्या आहेत? त्या म्हणाल्या, मी सांगितलं तर विचारतील की तो शेवट तुम्ही का तपासला नाही. मलाही अजून नोकरी करायची आहे, आजी.

खरं बोलल्या. खरं बोलणाऱ्या माणसापुढं फार काही करता येत नाही.

जाताना त्यांनी माझा हात धरला. “तुम्हाला काहीच करायचं नाही. तुम्ही फक्त पुन्हा विद्यापीठात येऊ नका.”

१४ सप्टेंबर, रविवार

वर्षा म्हणते, मी नाही करणार. जाऊ दे डॉक्टरकी, बांगड्यांचं दुकान टाकीन. मी म्हणाले, बांगड्या विकायला गोड बोलावं लागतं, तुझ्यानं व्हायचं नाही.

मग तिनं विचारलं, “तू सांग. तू नको म्हण, म्हणजे मला नको म्हणता येईल.”

केवढं ओझं टाकलं पोरीनं. मी नको म्हणाले तर ती उद्यापासून कुणाचीच नाही, ना कॉलेजची ना गोष्टींची. हो म्हणाले तर माझी आई, तिची आई, कडूबाई, ओट्यावर बसून गेलेल्या सगळ्या बाया त्या मशीनच्या पोटात. आणि दोन्हीतलं काहीही म्हणाले तरी तिकडं लिहिणाऱ्याला माझ्या म्हणण्याशी कर्तव्य नाही. मी एकदा जाऊन म्हणून आलेच आहे.

मी म्हणाले, “माजं काय जातंय? मशीनला का पोरंबाळं हायत वाटणी मागायला? दे लिवून.”

तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी केसांतून हात फिरवला तर भस्माची बोटं उमटली, एकदम म्हातारी दिसायला लागली. तेही तिला सांगून हसवायला बघितलं.

आणखी एक गोष्ट झाली. दुपारी बाया जमल्या, म्हणाल्या, झोपेची सांग. माझ्या तोंडातून येईना. सांगितली आणि कुणी म्हणालं की म्हातारीनं मशीनची गोष्ट चोरली, तर मी कुठला पुरावा देऊ? उंटिणीची सांगू म्हटलं तर तीही त्याच ग्रंथात गेलेली. शेवटी म्हणाले, आज घसा धरलाय. कापूस तसाच राहिला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ग्रंथ बांधून आला. मान्य झाला. निळं कापड, सोनेरी अक्षरं. श्रीशैलनं पेढे वाटले. चौकात बॅनर लावायचं म्हणत होता, वर्षानं हात जोडले त्याला.

मी म्हणाले, वाच. तिनं नाव वाचलं, त्यात मशीन आहे आणि परळी नाही. मग झोपेच्या गोष्टीचं पान काढलं. गोष्टीखाली बारीक ओळ आहे. मी म्हणाले तिच्यावर बोट ठेवून वाच. तिनं वाचलं. मशीनचं नाव, ते बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि कुठल्या तारखेला त्याच्याकडून मजकूर घेतला ती तारीख. त्या तारखेला मी ओट्यावर होते, असं मी म्हणाले नाही.

मग विचारलं, माझं काहीच न्हाई का गं? आहे म्हणाली, सुरुवातीला, आभाराच्या पानावर. ते तिनं फार घाईघाईनं वाचलं. “आजीच्या प्रेमाबद्दल.”

प्रेम केलं, खरं आहे. पण ते करताना तोंड काही बंद नव्हतं.

एवढ्यात कडूबाई आली. पेढ्याची बातमी लागली होती तिला. पदराला हात पुसत म्हणाली, माजं नाव दाव बरं, कुठं हाय? वर्षा उभीच राहिली.  मी तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. कालव्याच्या गोष्टीचं पान कुठलं ते मला काय कळणार, उघडंच होतं तेच पान ठेवलं आणि कडूबाईचं बोट धरून त्या बारीक ओळीवर नेलं.

“ह्ये बघ. हितं.”

“लई बारीक लिवलंय गं,” ती म्हणाली.

“मोठ्या मान्सांचं बारीकच लिवत्यात.”

तिनं पुस्तक कपाळाला लावलं. मग ओट्यावरच्या वाटीतलं भस्म बोटावर घेतलं आणि त्या ओळीला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नीट लावलं. वर्षा आत निघून गेली. कडूबाई म्हणाली, पोरगी आनंदानं रडायली बघ. मी म्हणाले, हं.